विमानाची भक्कम दुरुस्ती

माणसाने आकाश जिंकलं, ही मानवी इतिहासातली सर्वांत थोर घटना मानली जाते. दातांच्या डॉक्टरने ते रविवारी सकाळी जिंकलं आणि जेमतेम दीड फेरी आपल्या ताब्यात ठेवलं. मग मध्ये पाण्याची टाकी आली.

ही टाकी मैदानाच्या कडेला वर्षानुवर्षं एकाच जागी उभी होती आणि तिने आजवर कोणाच्या वाटेत येण्याचा प्रयत्न केल्याचं ऐकिवात नाही. एवढं मोठं मैदान, त्यावर त्याहून मोठं आकाश, आणि त्यात धडकण्याजोगी वस्तू ही एवढीच. डॉक्टरला टाकी डावीकडे दिसली, म्हणून त्याने रिमोटची दांडी उजवीकडे ढकलली. विमान आज्ञाधारकपणे उजवीकडे वळलं, पण स्वतःच्या. ते डॉक्टरच्या अंगावर येत होतं, त्यामुळे त्याचं उजवं म्हणजे डॉक्टरचं डावं. खरं तर समोरच्याचं उजवं ते आपलं डावं, हे दातांच्या डॉक्टरला कोणी शिकवायला नको. भलत्या बाजूची दाढ उपटू नये म्हणून तो जन्मभर तेच घोकत आलेला असतो. पण विमानाने तोंड उघडलेलं नव्हतं, त्यामुळे डॉक्टरच्या ते लक्षात आलं नाही.

आवाज फारसा झाला नाही. 'ठप्' झालं, आणि पाठोपाठ काटक्या मोडल्यासारखं काहीतरी. डॉक्टर धावत गेला. डावा पंख मधोमध मोडून पातळ आवरणाला लोंबत होता, नाक आत दबलं होतं आणि पंख्याचं एक पातं कुठे गेलं ते टाकीलाच ठाऊक. डॉक्टरने अंगातला शर्ट काढला, त्यात विमान गुंडाळलं आणि बनियनवर घरी आला. रस्त्यात दोघांनी नमस्कार केला. दोघांनाही वाटलं की शर्टात मांजर आहे आणि ते गेलेलं आहे. चेहरा तसाच होता.

विमान डॉक्टरचं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. विमान सासऱ्यांचं होतं.

सासऱ्यांना सगळे कॅप्टन म्हणत. त्यांनी नोकरी जन्मभर पाणीपुरवठा खात्यात केली आणि जमीन सोडून ते कधी जिन्यापेक्षा उंच गेले नाहीत; पण निवृत्तीनंतर त्यांनी हे विमान बांधलं आणि गावाने त्यांना बढती दिली. हलक्या लाकडाच्या पापडासारख्या पातळ पट्ट्या कापून त्यांनी त्याची एकेक बरगडी जोडली होती. वरून कांद्याच्या सालीसारखं पिवळं आवरण इस्त्रीने बसवलं होतं. एवढं पसरट विमान, पण वजन पाऊण किलो. कॅप्टन ते रोज सकाळी फळीवरून अंगठा आणि तर्जनी या दोन बोटांनी उचलत, दिव्यासमोर धरत, फुंकर मारत आणि परत ठेवत. बाकी कोणी हात लावायचा नाही. जावयाने तर नाहीच.

"जावईबापू, तुमचे हात दातांचे," ते म्हणत. "दात धरून ओढायचा असतो. विमान सोडून द्यायचं असतं."

डॉक्टर घरजावई होता. खाली त्याचा दवाखाना, वर सासऱ्यांचं घर, आणि मध्ये जिना. त्या जिन्यावरून तो रोज दोनदा स्वतःची किंमत करून घेत असे. ते विमान एकदा, फक्त एकदा आपल्या हातून उडावं, असं त्याला लग्नापासून वाटत होतं. लग्नाच्या वेळी विमान नव्हतं ही गोष्ट वेगळी. इच्छा तयारच होती.

मग कॅप्टनचा उजवा हात गेला. एका सकाळी चहाचा कप सुटला आणि त्यामागे सगळी उजवी बाजू सैल पडली. बोलणं शाबूत राहिलं, पाय हळूहळू परतला, हात मात्र परका होऊन मांडीवर पडून राहिला. व्यायामाच्या केंद्रात ठेवल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. जेवण सोडलं. डॉक्टर लोक आपसात कुजबुजायला लागले, आणि डॉक्टर लोक कुजबुजायला लागले की काय समजायचं हे डॉक्टरला माहीत होतं. शेवटी मुलीने विमानाचा फोटो नेऊन त्यांच्या उशाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी रबरी चेंडू मागून घेतला.

"ज्या दिवशी हे विमान या हाताने, दोन बोटांनी उचलीन, त्या दिवशी मी बरा झालो," त्यांनी जाहीर केलं. "नाही उचललं गेलं तर मला परत इथे आणू नका. उगाच कशाला सगळ्यांना ताप."

ते ही दुसरी गोष्ट चहात साखर कमी आहे म्हणावं तशी म्हणाले, आणि म्हणूनच मुलगी बाहेर येऊन भिंतीला टेकून रडली. तेव्हापासून म्हातारा माणूस दिवसभर चेंडू दाबत होता. त्याला देवाचा आधार नव्हता, औषधाचा नव्हता, पेन्शनचा नव्हता. फळीवरच्या पाऊण किलो लाकडाचा होता.

ते लाकूड आता डॉक्टरच्या शर्टात होतं.

त्याने विमान दवाखान्यातल्या खुर्चीवर निजवलं, वरचा दिवा लावला, आणि सवयीने त्याच्या गळ्याखाली रुमाल अडकवायला गेला. तेवढ्यात फोन वाजला. बायको केंद्रातून बोलत होती.

"अहो, आनंदाची बातमी! बाबांना परवा सोडतायत."

"परवा?" डॉक्टरने खुर्चीचा हात धरला. "महिनाअखेर म्हणाले होते ना?"

"बोटं हलायला लागली हो! काल पाण्याचं भांडं उचललं. म्हणाले, आता घरी जाऊन विमान उचलायचं. सारखे विचारतायत, विमान बरं आहे ना म्हणून. थांबा, देते त्यांना."

"अगं नको, आत्ता पेशंट—"

"जावईबापू," कॅप्टनचा आवाज आला. तो इतका उतरलेला होता की डॉक्टरला ओळखू येईना. "बॅटरी भरून ठेवलीत ना? बाकी हात नाही ना लावला?"

"नाही, बाबा."

"विमान ठणठणीत?"

डॉक्टरने खुर्चीकडे पाहिलं. डावा पंख खुर्चीवरून खाली लोंबत होता. "विश्रांती घेतंय," तो म्हणाला.

पलीकडे म्हातारा हसला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसला असावा, कारण मागे बायकोने "बाबा!" म्हणून हंबरडाच फोडला. डॉक्टरने फोन ठेवला आणि तो बराच वेळ रुग्णांच्या बाकावर, रुग्णाच्या जागी बसून राहिला. त्या बाकावर बसणाऱ्यांना काय वाटत असेल याची त्याला पहिल्यांदा कल्पना आली.

वास्तविक असलं विमान मोडणं ही काही जगबुडी नव्हे. ते मोडण्यासाठीच असतं, असं ते उडवणारे लोक सांगतात. तुटलेल्या लाकडाच्या कुसा, म्हणजे बारीक टोकं, एकमेकांत जशीच्या तशी बसतात. त्यांत चार थेंब डिंक सोडायचा, बाजूने पातळ पट्टीचा आधार लावायचा, दोऱ्याने बांधून सुकू द्यायचं, वरून आवरणाचा तुकडा इस्त्रीने चिकटवायचा. इस्त्री फार तापवायची नाही. हे सगळं एका आनंदी माणसाने फोनवरच्या चित्रफितीत दाखवलेलं होतं, आणि डॉक्टरने ती पाहिलीही. पण त्याने आवाज बंद ठेवला होता. शिकलेल्या माणसाला हातांकडे पाहून सगळं कळतं, असा त्याचा समज होता. तो आनंदी माणूस दर थोड्या वेळाने बोट वर करून एकच काहीतरी बजावत होता. ते काय, हे डॉक्टरला कळलं नाही. त्याला वाटलं, चॅनलला वर्गणी द्या म्हणत असेल.

मुळात डॉक्टर दातांचा. त्याच्या धंद्याचा पहिला नियम असा की कडा चांगल्या लागेपर्यंत खराब भाग कोरून काढायचा, त्याशिवाय भरायचं नाही. मोडलेल्या लाकडाच्या कुसा त्याला किडीसारख्या दिसल्या. त्याने ड्रिल सुरू केलं आणि त्या कुसा दोन्ही बाजूंनी गुळगुळीत होईपर्यंत घासून टाकल्या. म्हणजे जे आपसूक एकमेकांत बसणार होतं ते आता बसणार नव्हतं, आणि मध्ये दोन बोटांची फट पडली. फट पडली हे पाहून त्याला उलट हायसं वाटलं. फट भरता येते. ते त्याला येत होतं.

मग त्याने तोंडात बघायचा छोटा आरसा घेतला आणि पंखाच्या आत डोकावला.

आत काहीच नव्हतं. बरगडी, मग पोकळी, बरगडी, मग पोकळी, टोकापर्यंत हेच. वीस वर्षांच्या सरावात एवढी पोकळी त्याने कधी एका ठिकाणी पाहिली नव्हती. एवढं आतून पोखरलेलं विमान टाकीला लागून मोडलं यात नवल ते काय? नवल हे की इतकी वर्षं ते टिकलं!

"बिचारे बाबा," तो मनाशी म्हणाला. "त्यांना कल्पनाच नाही."

कवळीचे साचे करायचं प्लास्टर कपाटात डबाभर होतं. डॉक्टरने ते रबरी वाटीत कालवलं आणि पहिली पोकळी भरली. ती भरली तेव्हा त्याला त्या दिवसातलं पहिलं समाधान मिळालं.

हे चाललं असताना मेहुणा आला. हा बायकोचा धाकटा भाऊ. व्यवसायाने वकील, आणि दुसऱ्याच्या संकटात त्याचा चेहरा उजळत असे.

"भाऊजी, हे काय?" त्याने खुर्चीवर पाहिलं, मग डॉक्टरच्या बनियनकडे. "मेलात."

"मेलो."

"साक्षीदार?"

"टाकी."

"मग घाबरता कशाला? नाकबूल करायचं. विमान फळीवर होतं, फळीवर आहे. मोडलंय? आम्हाला दिसत नाही. दाखवा बरं कुठे. दिसायला नको म्हणजे झालं." तो बाकावर ऐसपैस बसला. "आणि दिसलंच, तर आधीपासून होतं."

"अरे, ते त्यांनी स्वतः बांधलंय!"

"म्हणजे बांधकामातला दोष."

"तुझे वडील आहेत ते," डॉक्टर म्हणाला. "ते त्या चेंडूवर जगतायत. विमान मोडलेलं दिसलं तर ते पुन्हा भिंतीकडे तोंड करतील, आणि या वेळी वळणार नाहीत. तुला कळतंय का?"

वकिलाला कळत होतं. म्हणून तर तो विनोद करत होता. त्याने बाह्या वर केल्या. "काय धरू?" त्याने विचारलं.

त्या रात्री कोणी झोपलं की नाही, हे सांगण्यात अर्थ नाही. सोमवारी दवाखान्याचं दार वाजलं तेव्हा विमान उताणं होतं आणि डॉक्टर त्याच्या पोटात कोपरापर्यंत होता. दारात शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई. एक गाल सुजून टोमॅटो झालेला, तोंड उघडत नाही, आणि नजर मात्र पटावर हजेरी घ्यावी तशी.

"अं," बाई खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"बाई, खुर्ची रिकामी नाही," डॉक्टर काकुळतीला येऊन म्हणाला. "ही गोळी घ्या. सूज उतरल्याशिवाय दाढ काढता येत नाही, हे खरंच सांगतो, बहाणा नाही. आणि बसताच आहात तर जरा हा पंख धराल? वरच्या बाजूने. दाबायचं नाही. आळेपर्यंत हलायचं नाही."

"अं?" बाईंनी भुवई उचलली.

"प्लास्टर आहे, बाई. पाच-दहा मिनिटं."

बाईंनी आयुष्यभर मुलांना हलू नका म्हणून सांगितलं होतं. त्यांनी पंख असा धरला की विमान उभ्या जन्मात इतकं स्थिर झालं नसेल. वकील शेपूट धरून होता. मध्येच त्याने बाईंना नमस्कार केला, कारण तो त्यांच्या हाताखालून शिकून गेला होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. वकील पुन्हा ताठ उभा राहिला आणि शेपूट दोन्ही हातांनी धरली.

डाव्या पंखानंतर डॉक्टरने उजवाही भरला. तो मोडलेला नव्हता. पण आतून त्याचीही तीच अवस्था होती, आणि एक बाजू भरून दुसरी तशीच सोडणं त्याच्या सदसद्विवेकाला मान्य नव्हतं. मग धड. मग शेपटीकडची निमुळती जागा, जिथे हात जाईना, तिथे त्याने प्लास्टर पातळ करून पिचकारीने सोडलं. नाकाला दातांचं सिमेंट लावून ते निळ्या दिव्याखाली असं घडवलं की कॅप्टनलाही तसं साधलं नसतं. वर बायकोची इस्त्री फिरवून पिवळं आवरण बसवलं. पहिला तुकडा जळला, दुसरा आक्रसला, तिसरा बसला. पंख्याचं पातं मैदानात शोधून सापडलं नाही, तेव्हा खेळण्यांच्या दुकानातून अख्खा पंखा आणला.

संध्याकाळी तिघं मागे सरून उभे राहिले. विमान खुर्चीवर चमकत होतं. कुठे चीर नाही, सुरकुती नाही, सांधा नाही. डॉक्टरने आरशाच्या दांडीने पंखावर टकटक केलं. पूर्वी तिथून पोकळ आवाज यायचा. आता देवळाच्या पायरीसारखा यायला लागला.

"भक्कम," वकील म्हणाला.

"अं," बाई म्हणाल्या. बाईंकडून शाबासकी आलेली डॉक्टरने पहिल्यांदाच ऐकली.

विमान वर नेताना डॉक्टरला ते जड वाटलं नाही असं नाही. दोघांनी दोन बाजू धरल्या होत्या आणि जिन्याच्या मधल्या वळणावर एकदा खाली ठेवून दम खावा लागला. पण दोन दिवसांत डॉक्टरच्या पोटात अन्न नव्हतं आणि मनावर मणामणाचं ओझं होतं. अशा माणसाला काय जड लागत नाही? शिवाय त्याच्या धंद्यात चांगली वस्तू जडच असते. फळीवर विमान ठेवल्यावर फळी मध्ये किंचित वाकली. वकिलाने ती खालून दोन पुस्तकं लावून सरळ केली.

मंगळवारी कॅप्टन आले. काठी डाव्या हातात, चेंडू उजव्या, मुलगी बाजूला. दारात थांबले नाहीत, पाणी घेतलं नाही, बुटांची नाडीही सोडली नाही. तडक फळीपाशी गेले आणि विमान पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नवं दिसतंय," ते म्हणाले.

"पुसलं, बाबा," डॉक्टर म्हणाला. "फक्त पुसलं."

"म्हणजे हात लावलातच." पण ते रागावले नाहीत. त्यांनी काठी मुलीकडे दिली, चेंडू डाव्या हातात घेतला, उजवा हात वर नेला, अंगठा आणि तर्जनी विमानाच्या पोटाखाली नेहमीच्या जागी नेली. बोटं मिटली. खरोखर मिटली. मुलीने तोंडावर हात ठेवला.

कॅप्टनने उचललं.

विमान हललं नाही.

त्यांनी श्वास घेतला, पाय रोवले, पुन्हा उचललं. नखं पांढरी झाली, मनगट थरथरलं, कपाळावरची शीर वर आली. विमानाची शेपूट केसभर उठली आणि पुन्हा बसली. तिसऱ्यांदा त्यांनी चारही बोटं घातली. मग डावा हात मदतीला नेला, आणि अर्ध्यावरून परत घेतला, कारण डाव्या हाताने उचलण्यात काही अर्थ नव्हता.

ते हळूच खुर्चीवर बसले. चेंडू टेबलावर ठेवला. तो घरंगळत गेला आणि खाली पडला. कोणी उचलला नाही.

"झालं," कॅप्टन म्हणाले. "संपलं ते. पाण्याचं भांडं उचललं म्हणून उगाच चढून गेलो." त्यांनी खुर्ची फिरवायचा प्रयत्न केला. ती फिरेना, तेव्हा ते स्वतःच वळले, भिंतीकडे.

"बाबा, थकलायत तुम्ही प्रवासाने," मुलगी म्हणाली. "उद्या बघू."

"उद्या काय उगवणार आहे?"

डॉक्टरला सगळं एका क्षणात कळलं. चित्रफितीतला तो आनंदी माणूस बोट वर करून 'वजन वाढवू नका' असं बजावत होता, तेही कळलं. समोरून वकील त्याला डोळ्यांनी खुणावत होता की गप्प राहा. गप्प राहणं हा आरोपीचा हक्क असतो. आणि गप्प राहिलं तर खरंच काही बिघडत नव्हतं. विमान अखंड होतं, सांधा दिसत नव्हता, पुरावा नव्हता. खटला जिंकल्यातच जमा. फक्त भिंतीकडे तोंड करून एक म्हातारा बसला होता.

"बाबा," डॉक्टर म्हणाला, "तुमचा हात बरा झालाय. विमान जड झालंय."

त्याने विमानाच्या डाव्या पंखावर बोट ठेवलं.

"मी ते उडवलं. टाकीवर आपटलं. मग दुरुस्त केलं. त्यात प्लास्टर आहे."

कॅप्टनने मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. डॉक्टरला त्यापेक्षा राग परवडला असता.

"जावईबापू," ते मऊ आवाजात म्हणाले, "मी तुम्हाला फार बोललो आजवर. माझी समजूत काढायला स्वतःवर आळ घेताय. एवढं मन तुमचं असेल असं वाटलं नव्हतं."

"बाबा, समजूत नाही! खरंच मोडलं!"

"कुठे मोडलंय? मला दिसत नाही का? माझ्या हातचं आहे ते."

बायको डॉक्टरकडे पाहत होती. लग्नानंतर तिने त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं, लग्नाआधीही नव्हतं. डोळे भरलेले, आणि त्यात कौतुक. "अहो," ती हलकेच म्हणाली, "राहू द्या. कळलं त्यांना."

खोटं बोलून त्याला जे जन्मात मिळालं नसतं, ते खरं बोलून मिळत होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. डॉक्टर धावत स्वयंपाकघरात गेला आणि वजनकाटा घेऊन आला. विमान दोन्ही हातांनी कवटाळून त्यावर ठेवलं. काटा दोन किलोपर्यंतचा होता. तो गरकन फिरून शेवटाला गेला आणि तिथे थरथरत उभा राहिला.

"बिघडलाय काटा," कॅप्टन म्हणाले, आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

डॉक्टरने वकिलाकडे पाहिलं. "सांग ना!"

वकिलाच्या तोंडून पहिल्यांदाच कसलाही युक्तिवाद निघाला नाही. "खरं आहे, बाबा," तो म्हणाला. "मी शेपूट धरली होती." पण त्याच्यावर वडिलांनी तो शाळेत असल्यापासून विश्वास ठेवला नव्हता, आणि आता सुरू करण्याचं काही कारण नव्हतं.

मग डॉक्टरने विमान उचललं. त्याच्या आयुष्यातलं सर्वांत सुबक काम ते. त्याने ते डोक्यावर धरलं, "बाबा, बघा" म्हणाला, आणि डावा पंख टेबलाच्या कडेवर आपटला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा टेबलाला खाच पडली आणि पंखाचं टोक सुटलं. पिवळं आवरण फाटलं आणि पांढऱ्या प्लास्टरचा ढेकळाएवढा तुकडा घरंगळत कॅप्टनच्या बुटापाशी गेला.

बायको किंचाळली. कॅप्टन खाली पाहत राहिले. मग वाकले, तो तुकडा उचलला, नाकाशी नेला.

"हे काय आहे?"

"प्लास्टर. कवळीच्या साच्याचं."

"कुठवर भरलंय?"

"सगळं."

"उजव्या पंखातपण?"

"त्याचीही तीच अवस्था होती."

"अवस्था?" कॅप्टनच्या गळ्यातून एक आवाज निघाला. "अहो, पंख पोकळच असतो! पोकळ ठेवण्यासाठी मी एकेक बरगडी पातळ केली! पाखराचं हाडसुद्धा पोकळ असतं, तुम्ही कुठल्या कॉलेजात शिकलात?"

"दातांच्या," डॉक्टर म्हणाला. "पोकळी दिसली की मला राहवत नाही, बाबा."

त्यानंतर कॅप्टन जे बोलले ते इथे देता येणार नाही. त्यात डॉक्टरची पदवी, त्याचं घराणं, पाण्याची टाकी, ती टाकी मंजूर करणारा साहेब, आणि असला जावई पसंत करणारे ते स्वतः, असा सगळ्यांचा क्रमाने समाचार होता. आजारपणानंतर त्यांचा आवाज असा चढलेला कोणी ऐकला नव्हता. बायको रडत रडत केंद्राला फोन लावत होती, "डॉक्टर, बाबा शिव्या देतायत! हो, सलग!" आणि वकील एकटाच कॅप्टनच्या हाताकडे टक लावून पाहत होता. प्लास्टरचा तो तुकडा कॅप्टनने अंगठा आणि तर्जनीत धरला होता, उजव्या हाताच्या, आणि ते तो जावयाच्या नाकासमोर नाचवत होते.

"हात," वकील म्हणाला.

कॅप्टन थांबले. हाताकडे पाहिलं. तुकडा टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन मिठाची भरलेली बरणी उचलली. ती उचलली गेली. ते बाहेर आले, खुर्चीवर बसले, आणि जावयाकडे न बघता म्हणाले, "चेंडू कुठे गेला बघा."

डॉक्टर टेबलाखाली शिरला आणि चेंडू सापडल्यावरही बराच वेळ बाहेर आला नाही.

हात पुढे बराचसा सुधारला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र परतली नाहीत, आणि त्या दोन बोटांशिवाय तशा पातळ पट्ट्या कापता येत नाहीत, त्यामुळे दुसरं विमान काही झालं नाही. कॅप्टनने त्याबद्दल जावयाला कधी बोल लावला नाही. ते त्याच्याशी फारसं बोलतच नसत. मोडकं विमान टाकून देणं कोणाच्याही हातून होईना.

ते सध्या दार आपटू नये म्हणून गच्चीच्या दाराला लावलेलं असतं. कितीही वारा सुटला तरी जागचं हलत नाही.